कबुतरवाला माईक आणि चौकातला माईक

तानिया ब्रुगेरा या क्यूबन आर्टिस्टचं नाव काढलं की लोक म्हणतात, "ती माईक ठेवणारी ना, जिला पकडून नेलं?" इथेच तिची दोन वेगळी कामं एकात मिसळतात. माईक खरंच लागला २००९ ला, पकडलं २०१४ ला.

आधी २००९. क्यूबाच्या राजधानीत भरणाऱ्या हवाना बिएनाले या मोठ्या कला प्रदर्शनात, विफ्रेदो लाम सेंटर या आर्ट सेंटरच्या अंगणात एक पोडियम, मागे पडदा. कोणीही यायचं, एक मिनिट मनात येईल ते बोलायचं. बोलणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना लष्करी युनिफॉर्ममधले दोघं उभे, ते त्याच्या खांद्यावर पांढरं कबुतर ठेवतात आणि मिनिट संपलं की त्याला खाली उतरवतात. एक बाई तर माईकसमोर नुसती रडली. फोटो काढायला लोकांना २०० डिस्पोजेबल कॅमेरे वाटले होते.

आपल्याला कबुतर म्हटलं की शांतता आठवते, पण क्यूबन माणसाला तिथे ८ जानेवारी १९५९ दिसतो. त्या दिवशी हवानात भाषण करताना क्रांती जिंकून आलेल्या फिदेल कास्त्रोच्या खांद्यावर पांढरं कबुतर येऊन बसलं होतं, आणि सांतेरिया हा आफ्रिकी मुळांचा क्यूबन धर्म मानणाऱ्या कित्येकांनी तो ओबाताला देवाचा कौल मानला. म्हणजे ती निवड झाल्याची खूण होती, आणि तानियाने तीच खूण उचलून कुणाच्याही खांद्यावर ठेवली, तेही फक्त एक मिनिट आणि सैनिकाच्या हातून, हे मला फार जबरदस्त वाटतं. आयोजकांनी नंतर जाहीर निषेध केला, पण कार्यक्रम पार पडला होता.

आता २०१४. १७ डिसेंबरला ओबामा आणि क्यूबाचे तेव्हाचे अध्यक्ष राउल कास्त्रो यांनी अमेरिका-क्यूबा संबंध सुधारायची घोषणा केली, तानियाने राउलना खुलं पत्र लिहिलं, आणि ३० डिसेंबरला तसाच माईक हवानाच्या रेव्होल्यूशन चौकात लावायचं ठरवलं. नाव 'यो ताम्बियेन एक्सिहो', म्हणजे मीसुद्धा मागणी करते.

बरेच जण याला जुन्याच कामाचा रिपीट म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण अंगण आर्टवाल्यांचं होतं, तिथे जे बोललं ते परफॉर्मन्स म्हणून खपून गेलं, आणि हा चौक म्हणजे क्यूबाचा राष्ट्रनायक होसे मार्तीचं स्मारक, गृहखात्याच्या बिल्डिंगवर चे गेव्हाराचा भला मोठा चेहरा आणि फिदेलची लाखोंच्या गर्दीसमोरची तासन्‌तास भाषणं, तिथे सामान्य माणसाने एक मिनिट मागणं हीच मुळात मोठी गोष्ट. इथे प्रतीक कबुतर नाही, जागाच प्रतीक आहे.

आणि माईक लागलाच नाही. सकाळीच तिला घरून उचललं, इतर काही जणांनाही अडकवलं, तिचा पासपोर्ट काढून घेतला. म्हणून २००९ चं काम बघायचं तर बोलणाऱ्यांचे चेहरे बघावे लागतात, आणि २०१४ चं बघायचं तर तो रिकामा चौक. पासपोर्ट परत मिळायला जुलै २०१५ उजाडला.