उलटी पखाल

जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरसोबत इंदूरला ‘वेटलँड सिटी’चा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सिरपूर तलावातल्या पक्ष्यांचे फोटो सुरू झाले. पक्षी छानच आहेत. पण पाणथळ जागी गेलात तर जरा मान खाली घाला. पावसाळा सरताना माळव्यातल्या डबक्यांत बोटभर दांड्यांवर पिवळी फुलं दिसली, तर ती बहुधा युट्रिक्युलॅरिया या शिकारी पाणवनस्पतीची. कास पठारावरच्या ‘सीतेच्या आसवां’ची पाण्यातली बहीण.

हिला मुळं नसतात. दोऱ्यासारख्या हिरव्या फांद्या पाण्यात तरंगतात आणि त्यांना खसखशीपासून मोहरीएवढ्या पिशव्या लटकतात. लॅटिन नावाचा अर्थच लहानशी पखाल. फक्त ही पखाल पाणी भरून नाही, उपसून तयार ठेवलेली असते. भिंतीतल्या ग्रंथी आतलं पाणी बाहेर टाकत राहतात, भिंती आत ओढल्या जातात. ड्रॉपरचा फुगा दाबून धरावा तशा. तोंडावर बाहेर फुगलेलं दार आणि दारावर केस. पाणपिसू, म्हणजे पाण्यातला एक इवलासा जीव, केसाला लागली की दाराचा फुगवटा एकदम आत उलटतो. बामच्या डबीचं झाकण अंगठ्याने दाबल्यावर ‘टक्’ होतं ना, तसंच. दार उघडतं, भिंती सुटतात, पाणी शिकारीसकट आत. दार पुन्हा बंद.

शिकार आत ओढली जाते ती एक मिलिसेकंदाच्या आत! पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. डार्विनने १८७५ मध्ये लिहिलं होतं की प्राणी स्वतःच डोकं खुपसून आत शिरतो. त्याच्याकडे अतिवेगवान कॅमेरा नव्हता. २०११ मध्ये फ्रेंच-जर्मन संशोधकांनी तशा कॅमेऱ्याने मोजलं, तेव्हा आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याचं त्वरण गुरुत्वाच्या ६०० पटीपर्यंत निघालं. लिफ्ट सुरू होताना आपल्या पोटात गोळा येतो, तो १ पटीच्याही बऱ्याच आत असतो.

‘मांसाहारी झाड सापडलं, गुरं सांभाळा’ असले व्हिडिओ पुढे पाठवू नका. डासांच्या कोवळ्या अळ्या ती खाते हे खरं, पण डेंग्यूवर उपाय म्हणून कुंडीत लावायला निघालेल्यांनीही थांबावं. अन्न ती उन्हातच शिजवते. शिकारीतून हवा असतो नत्र आणि स्फुरद, कारण तिच्या पाण्यात ते कमी असतात.

म्हणूनच पाण्यात ते भरपूर मिळू लागले की काही जाती पिशव्या कमी करतात. गेल्या वर्षी सोयाबीनच्या शेताखालच्या एका डबक्यातून मी फांदी उचलली. हिरवीगार, लांबलचक, पिशव्या मोजून सात.