जुनी जोडी की नवं एकच कार्ड?

मिरजेहून भाच्याचा फोन. "मामा, माझ्याकडं जीटीएक्स ९७० हे चार जीबी मेमरीचं एक ग्राफिक्स कार्ड आहेच. मित्र त्याचं स्वस्तात देतोय. जोडी लावली की चार नि चार आठ जीबी होतील न्हवं?"

नाही होत. सगळा घोळ इथंच आहे. एसएलआयमध्ये, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच गेम चालवायच्या सोयीत, दोन्ही कार्डं पाळीपाळीनं फ्रेम (पडद्यावरचं एकेक चित्र) काढतात, एक याची, पुढची त्याची. त्यामुळं गेमचं सगळं सामान दोघांच्याही मेमरीत भरावं लागतं. कार्डं दोन, पण गेमला मिळतात चारच जीबी. त्यातही ९७० चा शेवटचा अर्धा जीबी मंद चालतो. २०१५ साली त्यावरून बराच गदारोळ झाला होता.

ही जोडी मी विश्रामबागच्या घरात वापरलीय. कॅबिनेट उघडलं की दोन कार्डांमध्ये जेमतेम बोटभर फट. वरच्याचा पंखा खालच्याच्या पाठीवरची तापलेली हवा ओढायचा. एप्रिलात झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावायचो. स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंदाला ६० फ्रेमचा आकडा झळकायचा, पण गेममध्ये वळणावर गाडी घातली की चित्र अडखळायचं. फ्रेम मोजून ६० येत होत्या, सारख्या अंतरानं येत नव्हत्या.

हेही गेमला एसएलआय चालत असेल तर. २०२१ पासून एनव्हिडियानं, म्हणजे या कार्डांच्या कंपनीनं, त्याची नवी प्रोफाइल (त्या त्या गेममध्ये जोडी चालावी म्हणून दिलेली सेटिंग) देणं थांबवलं. गेम बनवणाऱ्यानं स्वतः सोय केली नसेल तर दुसरं कार्ड शोभेचं.

त्यापुढं एकटं नवं कार्ड, आरटीएक्स ३०६०: १२ जीबी, १७० वॉट. दोन ९७० मिळून २९०. रोज पाच तास पूर्ण लोड धरला तर महिन्याला १८ युनिटांचा फरक. लाइटबिल दाजी भरतात, म्हणून भाच्याच्या हिशेबात ते आलंच नाही.

ब्लेंडर या थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांचं मात्र वेगळं. तिथं एसएलआय लागत नाही, दोन्ही कार्डं काम वाटून घेतात आणि रेंडरचा, म्हणजे अंतिम चित्र तयार व्हायचा, वेळ खरोखर निम्म्याच्या आसपास येतो. मेमरीची बेरीज तिथंही नाही. अख्खा सीन एकेका कार्डात मावला पाहिजे. पण आमचा गडी फक्त गेम खेळतो.

त्याला ३०६० च घे म्हणालो. मात्र त्याच नावाखाली ८ जीबीचंही मिळतं, ते नको, खोक्यावर १२ बघूनच पैसे दे. सेकंडहँड असेल तर अर्धा तास गेम चालवून बघ. पॉवर सप्लाय चांगल्यापैकी ५५० वॉटचा असेल तर तोच राहू दे.