थायलंडच्या सोनेरी बुद्धमूर्ती आतून सोन्याच्या असतात?

जुन्या थाई बुद्धमूर्तीच्या आत अस्सल सोनं असतं, हा समज पसरला तो बँकॉकच्या वाट त्रायमित मंदिरामुळे. १९५५ मध्ये तिथली मूर्ती हलवताना दोर तुटले, गिलावा निखळला आणि खाली सुमारे साडेपाच टनांची सोन्याची मूर्ती निघाली. घटना खरीच, पण ती अपवाद आहे.

बहुतेक जुन्या सोनेरी मूर्ती ब्राँझच्या. फित्सनुलोकची फ्रा फुत्थ चिन्नरातसुद्धा, जी थायलंडमधल्या सर्वांत देखण्या मूर्तींपैकी एक मानतात. घडवण्याची रीत अशी: मातीच्या गाभ्यावर मेणात रूप कोरायचं, वर पुन्हा मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मग झाडाच्या काळ्या चिकाचा थर आणि त्यावर सोन्याचा वर्ख. गुडघे, बोटं, नाकाचा शेंडा जवळून पाहा. वर्ख झिजला की काळा थर डोकावतो आणि त्याखाली हिरवट पडलेलं ब्राँझ.

म्हणून सोनं शोधायला अशी मूर्ती खरवडू नका, ही कळकळीची विनंती. त्या वर्खात भाविकांनी श्रद्धेने चिकटवलेले छोटे चौकोनी तुकडेही असतात. एकदा निघाले की ते परत बसवता येत नाहीत.