सोपट, स्नायू आणि फॅसिया: एका पापुद्र्याच्या संशोधनाची पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे फिजिओथेरपीच्या पाट्यांवर ‘मायोफेशियल रिलीज’, म्हणजे स्नायू आणि त्याभोवतीचा पडदा दाबून ‘सोडवणं’, हे शब्द आता सहज दिसतात. जिममध्ये अंगाखाली घेऊन लोळायचे फोम रोलर आले, पाठोपाठ कातडीवर पेले लावून ओढणारं कपिंगही आलं. केळीचे घड वाहून पाठ धरलेला मजूर असो की दिवसभर गल्ल्यापाशी उभं राहून टाच दुखणारा दुकानदार, दोघांच्या कानावर एकच निदान पडतं: फॅसिया जाम झालाय. पूर्वी याच दुखण्याला कोणी ‘उसण भरली’ म्हणायचं, तर कोणी ‘नस चढली’. नवा शब्द जास्त शास्त्रीय वाटतो. तो तसा आहेही, पण त्याच्या मागे बरीच ओढाताण आहे.

केळीचं खोड आडवं कापलेलं खानदेशात कोणी पाहिलं नसेल असं नाही. आत लाकूड नसतं. सोपटावर सोपट गुंडाळलेलं असतं आणि तेवढ्याच जोरावर झाड घडाचं ओझं पेलतं. शरीरातही स्नायूंभोवती, नसांभोवती, अवयवांभोवती असेच पडदे असतात, तोच फॅसिया. पण शवविच्छेदनाच्या टेबलावर शतकानुशतकं हे सोपट सोलून बाजूला टाकायचा शिरस्ता होता, कारण पाहायचं असायचं ते त्याखालचं. पडद्याकडे लक्ष गेलं तेही त्यानं अडवलं तेव्हा. १८३१ साली पॅरिसमध्ये तळहातातला आखडलेला पडदा कापून वाकलेली बोटं सरळ केली गेली. त्याच शतकाच्या शेवटी अमेरिकेत हातानं उपचार करणाऱ्या एका पंथानं फॅसियाला आजारांचं मूळच ठरवून टाकलं. दावा आधी आणि पुरावा मागाहून, ही खोड या विषयाला तेव्हापासून आहे.

या पडद्यांचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन. त्याची तिपेडी रचना १९५४-५५ मध्ये मद्रासमध्ये उलगडली, आणि त्यासाठी वापरलेला नमुना होता कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा), शेजारच्या चर्म संशोधन संस्थेनं दिलेला. कोलॅजेनच्या पावडरी विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हे कधी येत नाही.

आता नावाचा घोळ. आधी घरचाच घेऊ. मराठीत आपण ‘मसल’ला स्नायू म्हणतो आणि ‘सेल’ला पेशी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी म्हणजे मांसाचे गठ्ठे, एकूण ५००. स्नायू म्हणजे त्यांना आणि सांध्यांना बांधणारे बंध, एकूण ९००: हातापायांत ६००, धडात २३०, मानेपासून वर ७०. त्यांचे प्रकार चार: फांद्या फुटल्यासारखे पसरणारे, गोल, रुंद-चपटे आणि पोकळ. तिथेच नावेचा दृष्टांत आहे. फळ्या दोरांनी घट्ट आवळल्या की नाव माणसांचा भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले आहेत म्हणून माणूस ओझं उचलतो. हाड, पेशी, शीर किंवा सांधा दुखावल्यानं जेवढा घात होत नाही तेवढा स्नायू दुखावल्यानं होतो, असंही पुढे म्हटलंय. म्हणजे जे बांधतं त्याचं नाव मराठीत बांधलं जाणाऱ्याला लागलं, आणि मांसाच्या गठ्ठ्याचं नाव सूक्ष्मदर्शकाखालच्या कणाला. मराठी माध्यमातून आलेलं पोर आयुर्वेदाला गेलं की पहिल्याच वर्षी हे दोन शब्द त्याला नव्यानं शिकावे लागतात. फॅसियासाठी कोशांत ‘प्रावरणी’ हा शब्द सापडतो, पण दवाखान्यात तो मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शाळेतलं ‘संयोजी ऊती’, म्हणजे शरीराचे भाग जोडून-बांधून ठेवणारी ऊती, परीक्षेपुरतंच राहिलं.

यावरून सुश्रुताला फॅसिया ठाऊक होता असा शंख फुंकण्याची घाई नको. स्नायू या त्याच्या एका शब्दात अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे), कंडरा आणि पडदे सगळेच कोंबलेले आहेत. गंमत अशी की बाहेरच्या जगातही शेवटी तेच झालं.

१९९८ साली शरीररचनेची आंतरराष्ट्रीय परिभाषा ठरवणाऱ्या समितीनं फॅसियाला कुंपण घातलं. सुरीनं वेगळा करता येईल असा पडदा, पट्टा किंवा थर तेवढा फॅसिया. कातडीखालच्या मऊ, चरबीयुक्त थराला इंग्रजी परंपरेत ‘वरचा फॅसिया’ म्हणत, ते नाव गाळून त्याला निव्वळ ‘त्वचेखालची ऊती’ ठरवलं. निर्णय कागदावर नीटनेटका होता. पण विच्छेदन करणाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं पडलं की त्या चरबीच्या मधोमध एक स्वतंत्र पातळ पडदा डोळ्यांना दिसतो, त्याचं काय? उपचार करणाऱ्यांची तक्रार वेगळी होती. त्यांना तुकडे नको होते, ताण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेणारं सलग जाळं हवं होतं.

ही भांडणं २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत पोचली आणि तडजोड म्हणून दोन व्याख्या निघाल्या. ‘एक फॅसिया’ म्हणजे जुना, कापून दाखवता येणारा पडदा. ‘फॅसियाची व्यवस्था’ म्हणजे मात्र चरबी, सांध्यांची आवरणं, अस्थिबंध, कंडरा, हाडावरचं आवरण, मेंदूभोवतीचे पडदे, नसांची वेष्टनं आणि स्नायूंच्या आतली सगळी संयोजी ऊती. नंतर काहींनी रक्तालाही ‘द्रव फॅसिया’ म्हणायचा प्रस्ताव मांडला. माझ्या मते ही दुसरी व्याख्या संशोधनापेक्षा विक्रीला जास्त सोयीची पडली. शरीरात कुठेही हात ठेवला की तिथे फॅसिया असणारच, मग सुटला तोही फॅसियाच!

प्रयोगशाळेतलं काम या वादाला समांतर चालू होतं, आणि त्यातलं बरंच भक्कम आहे. २००७ मध्ये बोस्टनला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तोवर फॅसियात आकुंचन पावू शकणाऱ्या पेशी असतात हे दिसून आलं होतं. २००९ मध्ये अल्ट्रासाउंडनं कंबर मोजली गेली. जुनी कंबरदुखी असलेल्यांत स्नायूंभोवतीची संयोजी ऊती सुमारे २५ टक्के जाड निघाली. २०११ मध्ये त्याच गटानं दाखवलं की अशा लोकांच्या कमरेतले थर एकमेकांवरून कमी घसरतात, सुमारे २० टक्क्यांनी. जाड झाल्यामुळे दुखतं की दुखतं म्हणून हालचाल घटून जाड होतं, ते या मोजणीतून कळत नाही. २०१४ मध्ये निरोगी माणसांच्या कमरेत खारट द्रावण टोचून पाहिलं, तेव्हा स्नायूपेक्षा फॅसियात टोचलेलं जास्त वेळ दुखलं.

अडचण ‘सुटण्या’ची आहे. २००८ मधल्या एका गणिती प्रतिमानानुसार पायाच्या तळव्यातला फॅसिया जेमतेम १ टक्का दाबायला साडेआठशे किलोच्या घरात जोर लागतो. रावेरच्या बागेतला घड पंचवीस किलोचा धरला तर हे चौतीस घड झाले. कोणाचा अंगठा एवढा दाबेल? नाकावरच्या मऊ पडद्याला कमी जोर पुरतो, पण नाकासाठी कोणी फोम रोलर घेत नाही. तरी मालिश करून आराम पडतो, हे खोटं नाही. त्याचं स्पष्टीकरण आता मज्जातंतूंकडे आणि थरांमधल्या हायल्युरोनिक आम्लाच्या वंगणाकडे वळलंय. थर घसरणं सुधारत असेल, पडदा लांब होत नसावा.

दुकानदाराची टाच राहिली. त्या दुखण्याचं प्रचलित नाव ‘प्लांटर फॅशिआयटिस’, म्हणजे तळव्याच्या पडद्याची सूज. २००३ मध्ये टाचेच्या ५० शस्त्रक्रियांतले नमुने तपासले तर सूज आढळली नाही, झीज आढळली. नाव मात्र अजून तेच लिहिलं जातं. २०१४ मध्ये ४८ रुग्णांवर एक साधा व्यायाम करून पाहिला गेला. पायाच्या बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, पायरीच्या कडेला उभं राहायचं आणि टाच सावकाश वर-खाली करायची, एक दिवसाआड. नुसतं ताणण्याच्या व्यायामापेक्षा ३ महिन्यांनी यानं जास्त फरक पडला. १२ महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच होते.