हॉकी इंडिया हे आयएचएफचं नवं नाव नव्हे

पोलीस भरतीच्या नोट्समध्ये एक ओळ वर्षानुवर्षं तशीच छापून येते: 'भारतीय हॉकी महासंघ, स्थापना १९२५, सध्याचे नाव हॉकी इंडिया.' यवतमाळ असो की गडचिरोली, तालुक्याच्या अभ्यासिकेत याच नोट्सची झेरॉक्स हातोहात फिरते. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ ला शताब्दी साजरी झाली आणि 'हॉकी इंडियाला शंभर वर्षं पूर्ण' अशी स्टेटस लागली. शंभर वर्षं झाली ती देशातल्या संघटित हॉकीला. हॉकी इंडिया ही संस्था २००९ ची आहे.

आज भारताचा संघ पाठवणारी हॉकी इंडिया सगळ्यांना माहीत आहे. टोकियो आणि पॅरिसची कांस्यपदकं, ओडिशा सरकारचं प्रायोजकत्व, अध्यक्षपदी दिलीप तिर्की. त्यावर वेळ घालवत नाही.

भारतीय हॉकी महासंघ म्हणजेच इंडियन हॉकी फेडरेशन, थोडक्यात आयएचएफ, ७ नोव्हेंबर १९२५ ला ग्वाल्हेरला स्थापन झालं. तीनच वर्षांनी जयपालसिंग मुंडांच्या नेतृत्वाखालचा संघ अ‍ॅम्स्टरडॅमहून सुवर्ण घेऊन आला. १९२८ ते १९८० या काळातली ऑलिंपिकची आठही सुवर्णं आणि १९७५ चा क्वालालंपूरचा विश्वचषक या संघटनेच्या काळातले. ध्यानचंद त्याच काळातले, आपल्या खडकीचा धनराज पिल्लेही. १९९८ ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकून आलेल्या त्याच धनराजला आणि त्याच्या काही सहकाऱ्यांना पुढच्याच निवडीत वगळणारीही हीच संघटना. श्रेय देताना हेही विसरू नये.

आता खरा घोळ. बापाच्या जागी मुलाचं नाव सातबाऱ्यावर चढतं, तसा फेरफार इथे झालेला नाही. जुनी संस्था जागेवर असताना शेजारी दुसरी संस्था नव्याने नोंदली गेली आणि जागतिक मान्यता तिच्याकडे गेली. हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण नोट्स लिहिणारे नेमका हाच भाग गाळतात.

मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोला ब्रिटनकडून ०-२ हरून भारत बीजिंग ऑलिंपिकला मुकला. १९२८ पासून असं कधी झालं नव्हतं. तेव्हा के. पी. एस. गिल १९९४ पासून अध्यक्ष होते. पुढच्याच महिन्यात सरचिटणीस ज्योतिकुमारन यांनी संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याच्या चित्रणासह केला. त्यांनी राजीनामा दिला. एप्रिल संपण्याआधी भारतीय ऑलिंपिक संघटनेने आयएचएफला निलंबित केलं आणि १९७५ च्या विजयी संघातले अस्लम शेर खान यांच्या नेतृत्वाखाली हंगामी समिती नेमली. मे २००९ मध्ये हॉकी इंडिया अस्तित्वात आली.

नवी संस्थाच का हवी होती, याचं उत्तर केवळ भ्रष्टाचार हे नाही. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाला प्रत्येक देशात पुरुष आणि महिला दोघांसाठी एकच संस्था हवी होती. आपल्याकडे महिलांची संघटना पूर्ण वेगळी होती. म्हणून १९८२ चं दिल्ली आशियाई सुवर्ण किंवा २००२ चं मँचेस्टरचं राष्ट्रकुल सुवर्ण आयएचएफच्या खात्यावर टाकणं चूकच आहे. ती पदकं महिला संघाची, आणि तो संघ आयएचएफचा नव्हता. २००९ च्या आधीचं सगळं आयएचएफचं असं मानणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते, आणि आमच्या मुलींच्या नावावरचं यश असं दुसऱ्याच्या खात्यावर गेलेलं मला सहन होत नाही.

आयएचएफ विसर्जित झालं, हेही चुकीचं. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये मान्यता काढण्याच्या मुद्द्यावर निकाल त्याच्या बाजूने लागला. तरी जागतिक महासंघाने हॉकी इंडियाचीच मान्यता कायम ठेवली, त्यामुळे भारताचा संघ पाठवण्याचा अधिकार हॉकी इंडियाकडेच राहिला. २०१२ मध्ये आयएचएफने निंबस कंपनीसोबत वर्ल्ड सिरीज हॉकी ही लीग भरवली. केंद्र सरकारने हॉकी इंडियाला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली ती थेट फेब्रुवारी २०१४ मध्ये. मधली सगळी वर्षं दोन दावेदार होते. नुसतं नाव बदललं असतं तर कोर्टात कोण कशाला गेलं असतं?

लीगचा गोंधळ त्यामानाने किरकोळ आहे. प्रीमियर हॉकी लीग (२००५) आणि वर्ल्ड सिरीज आयएचएफच्या, २०१३ ला सुरू झालेली हॉकी इंडिया लीग दुसऱ्या संस्थेची. हॉकी इंडिया सरकारी खातं नाही, ती नोंदणीकृत संस्था आहे. आणि हॉकी हा राष्ट्रीय खेळ असल्याचं तर कृपा करून लिहू नका. कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, असं केंद्राने २०१२ मध्ये माहिती अधिकारात कळवलं आहे.

आपल्याकडच्या पोट्ट्यांना या फरकाची झळ परीक्षेच्या एका मार्कापुरती बसत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते, म्हणजे आपल्यासाठी नागपूर किंवा अमरावती. तिथे प्रमाणपत्र देणारी संघटना मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघाशी संलग्न होती का, हे पाहिलं जातं. शिक्क्यावर 'हॉकी' आणि 'असोसिएशन' हे शब्द असले की काम झालं, असं समजणारे पालक मला दर हंगामात भेटतात. हॉकीत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळाही उतरलेला आहे, त्यामुळे इथे जास्तच जपायला हवं. पोराला स्पर्धेला पाठवण्याआधी आयोजकांना स्पष्ट विचारा: तुमची संलग्नता कोणाशी, कोणत्या वर्षापासून, आणि तसं पत्र आहे का? पत्राची प्रत घ्या आणि प्रमाणपत्राला जोडून ठेवा.