पॉयरोच्या हातातली जपमाळ: २०१० च्या टीव्ही चित्रपटावरील वादाची पार्श्वभूमी

अगाथा ख्रिस्तीच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' या कादंबरीवरचा २०१० चा टीव्ही चित्रपट आजही प्रेक्षकांत दोन तट पाडतो. खुनाचा उलगडा कादंबरीतलाच आहे, काळही १९३० च्या दशकातलाच. भांडण आहे ते पॉयरो या बेल्जियन गुप्तहेराच्या संतापावरून: कायदा हातात घेऊन खून करणाऱ्यांवर तो इथे भडकतो, आणि त्यामुळे 'मूळ बिघडवलं' अशी नाराज प्रेक्षकांची तक्रार आहे.

कादंबरी १९३४ ची. तिच्यामागचं अमेरिकेतलं बालक-अपहरण प्रकरण १९३२ चं, म्हणजे तेव्हा ताजंच. १९७४ मध्ये ती मोठ्या पडद्यावर आली. २००१ च्या अमेरिकी टीव्ही आवृत्तीने गोष्ट सरळ वर्तमानकाळात आणून ठेवली. तिचं नाव आज क्वचितच निघतं, आणि त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

२०१० चा चित्रपट हा १९८९ पासून चाललेल्या ब्रिटिश मालिकेचा भाग होता. सुरुवातीच्या तासाभराच्या भागांत पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज, पोलीस अधिकारी जॅप आणि सेक्रेटरी मिस लेमन यांच्यामुळे खेळकरपणा टिकून असे. २००३ पासून ही मंडळी दिसेनाशी झाली (परतली ती थेट २०१३ च्या शेवटच्या पर्वात) आणि मालिकेचा सूर गडद होत गेला. ज्यांनी फक्त जुने भाग पाहिले होते, त्यांना मुठीत जपमाळ आवळून बर्फातून चालणारा, डोळ्यांत पाणी आलेला पॉयरो परका वाटला, यात नवल नाही.

'मूळ बिघडवलं' हा आक्षेप मात्र तपासून घ्यावा लागतो. पॉयरो मूळ कथांतही कॅथलिकच आहे. आरंभीची लष्करी अधिकाऱ्याची आत्महत्या कादंबरीत ओझरती येते. इथे ती डोळ्यांसमोर घडते. इस्तंबूलमध्ये जमाव एका स्त्रीला दगडांनी ठेचतो तो प्रसंग मात्र पदरचा, आणि तो जरा ठोकून बसवल्यासारखाच वाटतो. पण शेवटाचं काय? कादंबरीत पॉयरो दोन उलगडे मांडतो (एक खरा, दुसरा खुन्यांना वाचवणारा) आणि मोजक्या शब्दांत रजा घेतो. ना अश्रू, ना आनंद. पेले उंचावण्याचा प्रसन्न शेवट १९७४ च्या चित्रपटाने घातलेला आहे. बरेच नाराज प्रेक्षक मूळ म्हणून जे धरून बसलेत, ते हे. कायदा हातात घेणाऱ्यांना सोडताना पॉयरोला काहीच वाटू नये, ही अपेक्षा पुस्तकापेक्षा त्या पेल्यांतून आलेली आहे.

२०१७ च्या नव्या मोठ्या चित्रपटानंतर तुलना पुन्हा सुरू झाल्या. २०१८ मध्ये दुसऱ्याच एका ब्रिटिश वाहिनीने 'एबीसी मर्डर्स' करताना पॉयरोचा बेल्जियन पोलिसातला भूतकाळच पुसला आणि त्याला माजी धर्मगुरू केलं. २०१० च्या जपमाळेला नावं ठेवणाऱ्यांपैकी काहींना त्यानंतर ती बरीच सौम्य वाटू लागली.