मुतखडा मशीनने फुटतो, मग पित्ताशयातला का नाही फोडत?

परवा कोथरूडला आत्याकडे गेलो होतो, तिला पित्ताशयात खडे निघालेत आणि सर्जनने सरळ पिशवीच काढायला सांगितलीय. आत्याचं एकच पालुपद, "तुझ्या बाबांचा मुतखडा मशीनने फोडला ना, एक टाका नाही पडला, मग माझीच पिशवी का काढायची?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर द्यायचं तर पार जर्मनीपासून सुरुवात करावी लागते.

आपल्या कोस्ट गार्डकडे डॉर्नियर विमानं आहेत बघा, हे मशीन त्याच कंपनीचं! सुपरसॉनिक विमानावर पावसाचे थेंब आदळले की पत्र्याला खड्डे पडायचे, त्याचा अभ्यास ते ६०च्या दशकात करत होते. असं सांगतात की १९६६ मध्ये टेस्ट चालू असताना एका इंजिनिअरचा हात नेमका दणका बसण्याच्या क्षणी टार्गेटला लागला आणि त्याला शॉक बसल्यासारखं झालं, करंट तर कुठेच नव्हता. म्हणजे दणक्याने उठलेली दाबाची लहर (शॉक वेव्ह) शरीरातून गेली आणि कातडीला काही झालं नाही. कारण आपलं मांस म्हणजे लहरीच्या दृष्टीने जवळपास पाणीच, ती सरळ आत शिरते आणि खड्यासारखं टणक काही लागलं की तिथे दणका देते.

पुढे म्युनिकमध्ये ख्रिश्चन चौसी आणि त्यांच्या टीमने ७ फेब्रुवारी १९८० ला पहिल्या पेशंटचा मुतखडा असा फोडला. पेशंटला भूल देऊन चक्क पाण्याच्या टबमध्ये उतरवायचे, खाली लंबगोल वाटीत ठिणगी पाडून लहर उठवायची, लंबगोलाच्या एका केंद्रावरून निघालेली लहर दुसऱ्या केंद्रावर गोळा होते, म्हणून ठिणगी एका केंद्रावर आणि खडा बरोबर दुसऱ्या केंद्रावर, म्हणजे सगळा मार तिथेच. तोही एकदम नाही, हजार-दोन हजार बारीक दणके, हृदयाच्या ठोक्याशी जुळवून. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेनेही मंजुरी दिली. बाबांच्या वेळेपर्यंत टब जाऊन पाण्याची उशी आणि जेल आलं होतं, लघवी मात्र गाळणीतून करायला सांगितलेली, आईने घरातली जुनी चहाची गाळणी दिली आणि तिसऱ्या दिवशी त्यात तपकिरी वाळू दिसली. (त्याआधी चार महिने कुळथाचं कढण चालू होतं, त्याने काय फरक पडला ते कुळीथच जाणे.)

आता पित्ताशय. तेही करून झालंय, म्युनिकमध्येच, १९८५ मध्ये सावरब्रुख आणि मंडळींनी. खडे फुटले की! पण किडनीतला चुरा लघवीबरोबर वाहून जातो, दिवसभर पाणी पीत राहायचं. पित्ताशयाची नळी अरुंद, आतून वळ्यावळ्यांची, आणि पाणी पिऊन काही ती धुतली जात नाही. तुकडा पुढे जाऊन अडकला तर कावीळ नाहीतर स्वादुपिंडाला सूज. म्हणून मोजके, कोलेस्टेरॉलचे खडे असलेलेच पेशंट निवडायचे आणि वर चुरा विरघळायला कित्येक महिने गोळ्या. एवढं करून खडे तयार करणारी पिशवी जागच्या जागी, त्यामुळे बऱ्याच जणांना पुन्हा खडे व्हायचे.

आणि नशीब बघा, त्याच १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्युहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढून दाखवलं, तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही, पण दोन वर्षांनी फ्रान्समध्ये मूरे यांनी केलं आणि मग ती पद्धत जगभर पसरली. बारीक तीन-चार भोकं, पेशंट एक-दोन दिवसात घरी. मग महिनोन् महिने गोळ्या कोण खात बसणार! मुतखड्याच्या मशीनचाही आता पूर्वीचा रुबाब राहिला नाही, खडा मोठा किंवा फार कडक असेल तर लेसर नाहीतर पाठीतून दुर्बीण.

हे सगळं आत्याला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण पिशवी काढल्यावर वरणभातावर तूप चालेल ना?" म्हटलं ते सर्जनलाच विचार.